पाडेवाराचा चेहरा

अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या वाड्यात देवघराच्या डाव्या भिंतीवर एक चित्र होतं. दीड हात उंच, सागवानी चौकट, काचेच्या आतल्या अंगाला वाळवीनं काढलेली एक बारीक वाट. कुणी काढलं, कधी काढलं, कुणालाच सांगता यायचं नाही. सही नव्हती, साल नव्हतं. वरच्या मोठ्या भागात दत्त महाराज उभे. तीन मुखं, सहा हात, पाठीशी गाय, पायाशी चार कुत्री आणि सगळ्यांवर औदुंबराची सावली. खाली उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांत लहान आकाराचे, आमच्या गावचे संत दासोपंत. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हात जोडलेले. दत्ताच्या मागून निघालेला हळदीसारखा उजेड त्यांच्या कपाळापर्यंत येऊन थांबलेला.

आजी सांजवात लावायची तेव्हा मला त्या चित्रासमोर उभं करायची. "मोज बरं लेकरा, किती कुत्री?" मी मोजायचो. चौथं कुत्रं गाईच्या पायाआड अर्धं झाकलेलं होतं, ते सापडेपर्यंत आजी निरांजन हातात धरून थांबायची. "चार वेद आहेत ते," ती म्हणायची, "देवाच्या पायाशी बसलेत." गाय म्हणजे पृथ्वी, कामधेनू. माळ आणि कमंडलू ब्रह्मदेवाचे, शंख आणि चक्र विष्णूचे, त्रिशूळ आणि डमरू शंकराचे. खांद्यावरची झोळी मात्र कुणाचीच नाही, ती दत्ताची स्वतःची. हा धडा मला बाराखडीच्या आधी पाठ झाला होता. अक्षर वाचता येण्याआधी मी चित्र वाचायला शिकलो, आणि शिकवणारी बाई स्वतः निरक्षर होती.

एकच गोष्ट खटकायची. दासोपंतांची नजर दत्तावर नव्हती. हात देवाकडे जोडलेले, मान थोडी वर उचललेली, आणि बुबुळं मात्र सरळ चौकटीबाहेर, समोर बघणारी. काका म्हणायचे, चितारी कच्चा होता, डोळे जमले नाहीत त्याला. आजी काहीच म्हणायची नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा त्या भिंतीच्या बरोबर समोर होता.

घरोघरच्या चित्रांतली ही भाषा वाटते तितकी जुनी नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडी शिळांवर एकेका रंगाचा वेगळा ठसा चढवून तिथं देव छापले जाऊ लागले. त्या छापखान्याचा दत्तात्रेय महाराष्ट्रातल्या देवघरांत असा काही बसला, की आता डोळे मिटले तरी तोच दिसतो. पुढे कॅलेंडरवाल्यांनी तो आणखी गुळगुळीत केला. दिवाळीच्या आगेमागे आमच्या जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला निघतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेरडं आणि लेकरं यांच्यामध्ये एखादी घडी पडलेली तसबीर असते. कारखान्याच्या माळावर पाचटाची कोपी उभी राहिली, की तिच्या बांबूला ती आधी लटकते. चित्रातल्या सगळ्या खुणांचा अर्थ तिथं कुणी विचारत नाही. पण कुत्री, गाय, झाड आणि खांद्यावर झोळी टाकून वाटेला लागलेला देव, एवढं सगळं त्या कोपीत राहणाऱ्याला ओळखीचंच असतं. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला झोप, असा ज्याचा रोजचा फेरा, तो देव या माणसांना जवळचा वाटला तर त्यात नवल नाही.

तीन मुखांचंही तसंच आहे. महानुभावांचा दत्त एकमुखी. पुण्याजवळच्या नारायणपूरला आजही एकमुखी दत्ताचीच पूजा होते. गाणगापुरात आणि नरसोबाच्या वाडीला तर मूर्तीपेक्षा पादुकांचं महत्त्व जास्त, तिथं चेहऱ्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे ज्या तीन तोंडांवरून आपण दत्ताला झटकन ओळखतो, ती खूण त्याची एकमेव खूण कधीच नव्हती. खुणा बघणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. ज्याला दर्शन झालं, त्याला त्या दिसल्या असतील की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि दासोपंतांच्या बाबतीत तो मला लहानपणापासून सोडत नाही.

दासोपंत मूळचे नारायणपेठचे. आजीची दोन ठेवणीतली लुगडी नारायणपेठी होती, म्हणून ते गाव मला लुगड्याच्या काठासारखंच दिसायचं, लाल आणि रुंद. जन्म 1551 चा. वडील दिगंबरपंत देशपांडे, वसुलीचं काम, वर बिदरच्या बरीदशाहीचा अंमल. गोष्ट अशी सांगतात, की एका वर्षी सारा थकला, आणि बादशहानं वडिलांऐवजी कोवळ्या दासोपंताला ओलीस ठेवून घेतलं. मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाला बाटवणार, असा हुकूम. मुदत संपत आली. घरात रडारड, गावात कुणाचं चालेना. तेवढ्यात दरबारात एक माणूस आला. मी देशपांड्यांच्या घरचा दत्ताजी पाडेवार, म्हणाला. खांद्यावरची रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. मूल घरी आलं. घरात कुणी पाडेवार पाठवलेलाच नव्हता.

पाडेवार म्हणजे गावकीची धावपळ करणारा. सांगावा पोचवणारा, सारा पोचवायला सोबत जाणारा, साहेबाच्या घोड्यापुढं पळणारा. बलुत्याच्या तुकड्यावर जगणारा आणि गावाच्या कडेला राहणारा. देव त्याच्या रूपात आला. हीच गोष्ट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. तिथं विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला आणि दुष्काळात वाटलेल्या धान्याची भरपाई करून आला. बिदरच्या दरबाराकडे जाणारी ही दोन गावं, दोन घरं, आणि दोन्ही वेळा देवानं तेच रूप घेतलं, ज्याला देवळाच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं जात नव्हतं. चोखोबांना पंढरपुरात महाद्वारापलीकडे जागा मिळाली नाही. त्यांची समाधी आजही पायरीपाशीच आहे. आणि बाहेर ठेवणाऱ्यांच्याच गोष्टीत देव मात्र बाहेर ठेवलेल्यांच्या जातीचा होऊन धावतो. या विसंगतीकडे मी कितीतरी वर्षं फक्त चमत्कार म्हणून बघत आलो. आता ती वाचताना गळ्याशी काहीतरी अडतं. लोकांना आतून माहीत होतं. गोष्टीत त्यांनी ते लिहून ठेवलं, व्यवहारात आणलं नाही.

आमच्या चित्रात तो पाडेवार नव्हता. कुठल्याच चित्रात नसतो. चितारी दासोपंतांचं दर्शन रंगवायला बसतो, तेव्हा तो तीन मुखं काढतो, प्रभावळ काढतो, औदुंबराची फळं एकेक करून लाल रंगवतो. पण ज्या चेहऱ्यानं देव खरोखर समोर आला, घामेजलेला, धुळीनं भरलेला, रक्कम मोजताना ओठ हलवणारा, तो चेहरा कुणी काढलेला मी पाहिला नाही. काढला तर हा देव आहे हे ओळखू कसं येणार? त्याच्या पायाशी चार वेद बसलेले नाहीत. म्हणूनच खुणा लागतात. आणि खुणा घातल्या की तो माणूस चित्रातून निघून जातो.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या मोठ्या चर्चमध्ये मुरिल्यो या चित्रकाराचं एक प्रचंड चित्र आहे, 1656 सालचं. पादुआचे संत अंतोनी गुडघ्यावर, हात पसरलेले, आणि वरून ढगांच्या, देवदूतांच्या झुंबडीतून बाळ येशू उतरतोय. टेबलावर पांढरी लिली, म्हणजे संताची शुचिता. दत्ताच्या चित्रासारखंच ते वाचावं लागतं. 1874 साली एका चोरानं त्यातला संत तेवढा कापून नेला. स्वर्ग जागच्या जागी राहिला, देवदूत राहिले, बाळ उतरतच राहिलं, आणि खाली ज्याच्यासाठी ते उतरत होतं, तिथं भोक. पुढच्या वर्षी तो तुकडा न्यूयॉर्कला सापडला आणि पुन्हा जागेवर बसवला. मी ही हकीकत वाचली तेव्हा मला वाड्यातलं चित्र आठवलं. आमच्याकडे उलटं झालं होतं. संत जागेवर होता. कापून नेलेला होता तो आलेला देव, आणि त्याच्या जागी दुसरा, ओळखू येणारा, नेमून दिलेला होता.

गेवराई तालुक्यात गोदेच्या काठावर राक्षसभुवन आहे. शनीचं ठाणं म्हणून लोक जातात. इतिहासवाल्यांना ते 10 ऑगस्ट 1763 च्या लढाईसाठी माहीत, थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला तिथं हरवलं. पण दासोपंतांच्या गोष्टीत ते वेगळ्या कारणानं येतं. घरदार सोडून दासोपंत माहूरला गेले, तिथं बारा वर्षं तप केलं. मग स्वप्नात सांगणं झालं, राक्षसभुवनला जा. तिथं वाळूत दत्ताच्या पादुका मिळाल्या आणि दर्शन झालं, असं सांगतात.

मी तिथं एका चैत्रात गेलो होतो. पात्रात पाणी कमी, वाळू मात्र पायाला चटका देणारी. काठावर एक बाई भिजवलेली तूर वाळत घालत होती. उन्हानं डोळे मिचकावत मी ते वाळवंट बघत राहिलो. आणि एक साधी गोष्ट लक्षात आली, की पादुका सापडायच्या तर मान खाली घालावी लागते. बारा वर्षं डोंगरावर बसून वर बघितलं, आणि मिळालं ते नदीच्या वाळूत, खाली बघताना, हातानं उकरताना. चितारी मात्र दासोपंतांना नेहमी मान वर केलेलेच काढतात.

तिथून दासोपंत अंबाजोगाईला आले आणि शेवटपर्यंत, 1615 पर्यंत, इथंच राहिले. योगेश्वरीचं गाव, मुकुंदराजांचं गाव. जयंती नदीच्या काठी नृसिंहतीर्थापाशी त्यांची समाधी आहे. त्यांनी किती लिहिलं याचा हिशोब ऐकला की छाती दडपते. एकट्या गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या सांगतात. रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, असं गावात अजून म्हणतात. मला हे वाक्य फार आवडतं. संताची थोरवी शाईच्या खर्चावर मोजणारं दुसरं गाव मला ठाऊक नाही.

आणि मग पासोडी.

पासोडी म्हणजे जाडंभरडं दुहेरी कापड. थंडीत पांघरायचं, धान्य बांधायचं, लेकरू गुंडाळायचं. दासोपंतांनी अशा एका पासोडीवर ग्रंथ लिहिला. जवळपास चाळीस फूट लांब, चार फूट रुंद, आणि अक्षरांनी भरलेली. विषय पंचीकरण. ही पासोडी अंबाजोगाईत त्यांच्या वंशजांनी आजवर सांभाळली आहे. माझ्या लहानपणी मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, वडिलांनी मला ती दाखवायला नेलं होतं. सगळी उलगडणं शक्यच नव्हतं. हातभर उलगडली, तीही दोन माणसांनी चार हातांनी. ओळीमागून ओळ. काही ठिकाणी अक्षर कापडात विरून गेलेलं, काही ठिकाणी काल लिहिल्यासारखं. धाग्याच्या गाठीवर बोरू अडखळला असावा, तिथं एक मात्रा किंचित जाड झालेली. मी चित्रं शोधत होतो. तीन मुखं कुठं आहेत, कुत्री कुठं आहेत. वडिलांना हळूच विचारलंही. ते म्हणाले, "हे आधी वाचायचं असतं, मग दिसतं."

वाचायला मला पुढं वीस वर्षं लागली, आणि तेही पासोडीवरून नव्हे, पंचीकरण म्हणजे काय हे जुन्या जाणत्या माणसांकडून समजून घेत. मांडणी शेतकऱ्याच्या वाटणीसारखी आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भुतं. प्रत्येकानं आपल्यातले आठ आणे स्वतःकडे ठेवायचे आणि उरलेल्या आठ आण्यांतले दोन-दोन आणे बाकीच्या चौघांना द्यायचे. म्हणजे प्रत्येकात सगळे आले. पाचाचे पंचवीस झाले. त्या पंचविसांतून हे शरीर. हाड, मांस, कातडी, नाडी, केस हे पृथ्वीच्या खात्यात. भूक, तहान, आळस, झोप हे तेजाच्या. काम, क्रोध, शोक, मोह, भय आकाशाच्या. शोक आणि भय आकाशात का धरले असतील, यावर मी कित्येक रात्री अंगणात पडून विचार केला आहे. दुष्काळाच्या सालात वर बघितलं की उत्तर मिळतं, असं मला वाटतं. ढग नसलेलं आभाळ बघताना पोटात जे होतं, त्याला दुसरं कुठलं खातं द्यायचं?

भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत राजा यदूला आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेयच मानते. त्या चोवीसांतले पहिले पाच गुरू कोण? पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी. हे जुळलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. दासोपंतांनी आपल्या देवाच्या पहिल्या पाच गुरूंचाच हिशोब पासोडीवर मांडला होता. पाडेवाराच्या रूपात जो आला, वाळूत पादुका ठेवून जो गेला, त्याचं चित्र काढायचं झालं तर तीन मुखांनी भागणार नव्हतं. म्हणून त्यांनी आठ आणे आणि दोन आणे अशी वाटणी लिहिली. देव कुणाकुणात किती आहे याचा तो कागद आहे, खरं तर कापड. त्यात पाडेवाराचं हाडही आलं, बादशहाची भूकही आली, माझ्या आजीचे पांढरे केसही आले. मला तरी दासोपंतांच्या दर्शनाचं खरं चित्र पासोडीच वाटते. भिंतीवर टांगायचं म्हटलं तर आमच्या वाड्याची एक भिंत पुरली नसती.

दासोपंत आणि एकनाथांची एक गोष्ट आहे. पैठणला नाथांच्या घरी दासोपंत गेले, आणि बघतात तो दारात दत्त उभा, हातात त्रिशूळ, पहारा करतोय. आत जाताना दासोपंतांचं काय झालं असेल! बारा वर्षांच्या तपानंतर जो भेटला, तो दुसऱ्याच्या दाराशी चोपदार होऊन उभा. नाथांनाही तो आधी ओळखू आला नव्हता म्हणतात. जनार्दनस्वामींकडे असताना दत्त मलंगाच्या वेशात आला, सोबत कुत्री घेऊन, आणि नाथ बिचकले. चित्रातली कुत्री वेद आहेत. त्या गोष्टीतली कुत्री आधी नुसती कुत्रीच होती, दारात आलेल्या फकिराची.

दरबाराचं दार, नाथांचं दार. सगळ्या गोष्टी दाराशीच घडतात.

आजी गेली त्याला आता तीस वर्षं होत आली. वाडा पडला, भावांत वाटण्या झाल्या, तसबीर माझ्याकडे आली. काच बदलायला गावातल्या फ्रेमवाल्याकडे नेली तेव्हा चित्र पहिल्यांदा काचेविना, दिवसाच्या उजेडात पाहिलं. भिंगानं दासोपंतांचे डोळे न्याहाळले. बुबुळावर रंगाचा टवका नव्हता, चूक झाकायला वरून दुसरा हात मारलेला नव्हता. एका दमात, बारीक कुंचल्यानं, दोन स्वच्छ काळे ठिपके. फ्रेमवाल्यानं विचारलं, "डोळे नीट करून देऊ का? आपल्याकडे पोरगा आहे, हात चांगलाय त्याचा." मी म्हटलं, नको.

नव्या घरात तसबीर कुठं लावायची यावर बायकोशी थोडा वाद झाला. देवघर आतल्या खोलीत, तिथली भिंत पूर्वेची, सगळं रीतसर होतं. मी ती बैठकीत लावली, दाराच्या बरोबर समोर. दुपारी पाण्याचे जार देणारा येतो, टपालवाला येतो, कधी डोक्यावर टोपली घेतलेली, फुटक्या बादल्यांवर नव्या देणारी बाई येते. दार उघडलं की ऊन आत येतं आणि काचेवर पडतं. मग थोडा वेळ दत्त दिसत नाही, गाय दिसत नाही. काचेत फक्त दारात उभ्या असलेल्या माणसाची आकृती दिसते, आणि खालच्या कोपऱ्यात दासोपंत हात जोडून तिच्याकडे बघत असतात.